दाव्याची लांबी

दोन वर्षांचा तेमुलेन कमरेला दाव्यानं बांधलेला,
दाव्याचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला.
हसू नका. गोबीच्या या कडेला असंच.
नमद्याच्या गोल घरात मधोमध चूल,
चुलीत गोवऱ्यांचा निखारा,
आणि पोराला लाल रंग फार आवडतो.

माझ्या बापानं मलाही असंच बांधलं होतं.
माप सोपं: पोरानं पालथं पडून हात लांबवला
तरी चुलीपासून एक वीत अलीकडे.
बाकी सगळं त्याचं.
पाण्याचं पिंप, खोगीर, आईचे बूट,
छताच्या भोकातून फिरणारा उन्हाचा तुकडा.

चालतो. चढतो. खोगिराची पितळी बटणं चावतो.
बोलत नाही.
ओयुनगेरेल म्हणते, तुझ्यावर गेलाय.
खरंय. मी दिवसभर कळपामागे,
बोलायचं कुणाशी?
संध्याकाळी येतो, बूट काढतो, खारट चहा पितो.
घरातलं बोलायचं असतं ते
कुत्रा बोलतो.

मार्चमध्ये झोलझाया आली, तालुक्याच्या दवाखान्यातली,
मोटरसायकलवर, भुवयांवर बर्फ घेऊन.
तिनं पोराच्या डोक्याचा घेर मोजला,
कानामागे किल्ल्या वाजवल्या. त्यानं वळून पाहिलं.
मग पिशवीतून काही निघेल म्हणून मी वाट पाहिली,
औषध, गोळी, निदान एखादं रंगीत पुस्तक.
तिनं विचारलं, "तुम्ही याच्याशी काय बोलता?"
मी म्हटलं, "त्याला कुठे कळतं?"
ती काही बोलली नाही. चहा संपवला.

तेवढ्यात बाहेर त्या करड्या मेंढीनं
पुन्हा कोकराला लाथ मारली.
पहिलटकरीण. तीन दिवस जवळ घेत नव्हती.
मी उठलो, बर्फात उकिडवा बसलो,
कोकरू तिच्या नाकाखाली धरलं
आणि गाऊ लागलो, बाप गायचा तसं,
तोइग, तोइग, तोइग…
ज्याला अर्थ नाही, फक्त लांबी आहे.
तास झाला असेल, दीड तास. बोटं बधिर.
मग मेंढीच्या डोळ्यांत काहीतरी सैल झालं,
पान्हा फुटला.

झोलझाया दारात उभी होती, अजून.
म्हणाली, "तिला कुठे कळतं?"
आणि मोटरसायकलला किक मारली.
तिसऱ्या किकेला सुरू झाली.

त्या रात्री मी पोरापुढे मांडी घालून बसलो,
पाटलापुढे चोर बसावा तसा.
मेंढीच्या घोट्याची हाडं फेकली.
पडेल ती बाजू, तिचं नाव:
हा घोडा. हा उंट. ही शेळी. परत उंट.
तो एक हाड चोखत
माझ्या तोंडाकडे पाहत राहिला,
जणू तिथे चूल पेटलीय.

दुसऱ्या दिवशी पिंप सांगितलं. खोगीर सांगितलं.
चार दिवसांत माझ्याकडचे शब्द संपले,
मग दिवसभरात काय केलं ते सांगू लागलो,
कुठली मेंढी लंगडते, लांडग्याचा माग कुठे दिसला,
मग बापाबद्दल,
जो मेंढ्यांसाठी गायचा
आणि मला कधी एक हाक सोडून काही म्हणाला नाही.
ओयुनगेरेल पाठमोरी पीठ मळत होती.
तिचे हात थांबलेले दिसले.

गवत आलं. दावं चार बोटं सोडलं,
मग वीतभर,
कारण "भाजेल" म्हटलं की
आता त्याचा हात आपणहून मागे जातो.

बोल फुटलेत म्हणावं, तर नाही.
पण काल त्यानं आईचा बूट आडवा पाडला,
बुटाच्या तोंडाशी एक हाड धरलं,
समोर उकिडवा बसला
आणि मान तिरकी करून, कितीतरी वेळ,
ओइ, ओइ, ओइ…

आम्ही दोघं दारातच उभे,
बुटाला पान्हा फुटतोय का बघत.
चहा निवला.